पार्श्वसंगीतकार घडतो कसा: दृश्य वाचण्यापासून अंतिम मिश्रणापर्यंत

उत्तम चाल सुचणे आणि चित्रपटाला उत्तम पार्श्वसंगीत देणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. गाण्याची चाल स्वतःच्या पायावर उभी असते. डोळे मिटून ऐकली तरी ती पूर्ण असते. पार्श्वसंगीत मात्र चित्र, संवाद, पावलांचे आवाज आणि शांतता यांच्या सोबतीनेच पूर्ण होते. म्हणूनच ते वेगळे काढून ऐकताना थोडे अपुरे वाटले, तर तो दोष समजू नये. पुष्कळदा ते नीट जमल्याचीच ती खूण असते. ज्यांना एखादे वाद्य येते, सुरांची आणि लयीची जाण आहे, पण पडद्यावरच्या दृश्यासमोर बसल्यावर नेमके काय करावे हे उमगत नाही, अशांसाठी हे लिहीत आहे.

माझी धारणा आधीच मांडतो. थोर पार्श्वसंगीतकाराची पारख त्याच्या सुरावटींच्या सौंदर्यावरून होत नाही. दृश्याने काय आधीच सांगून टाकले आहे आणि काय सांगायचे राहून गेले आहे हे ज्याला अचूक दिसते, आणि जो राहिलेले तेवढेच सुरांत मांडतो, तो थोर. पुढे वाद्यांची निवड येईल, सेकंदांचा हिशेब येईल, दिग्दर्शकाशी होणारे मतभेदही येतील. पण ते सगळे याच एका कसोटीवर घासून पाहावे, अशी माझी विनंती आहे.

आधी दृश्य वाचा

दृश्य हाती आले की पहिला मोह होतो तो वाद्याकडे हात नेण्याचा. तो आवरावा. दृश्य किमान तीन वेळा पाहावे: एकदा साध्या प्रेक्षकासारखे, एकदा आवाज पूर्ण बंद करून, आणि एकदा पडद्याकडे पाठ करून केवळ ऐकत. आवाज बंद केला की नटांच्या हालचालींतली लय दिसते आणि संकलकाने एखादा शॉट किती वेळ धरून ठेवला, कुठे तो लवकर तोडला, हे जाणवते. पाठ करून ऐकले की संवादांची पट्टी, दोन वाक्यांमधल्या विरामांची लांबी, पंख्याची घरघर, दूरची रहदारी असे सगळे कानात भरते, आणि संगीताला जागा कुठे आहे व कुठे मुळीच नाही हे तिथेच कळू लागते. त्यानंतर कागदावर एकच वाक्य लिहावे: या दृश्यात कोणाला काय हवे आहे, आणि ते कोण बोलून दाखवत नाही. हे वाक्य लिहिता येत नसेल, तर संगीत लिहायची वेळ अजून आलेली नाही.

माझ्या सुरुवातीच्या काळात एका लघुपटातले एक दृश्य माझ्याकडे आले होते. एक म्हातारी बाई मुलाचे कपडे घडी करून पेटीत ठेवते आहे. मुलगा आता परतणार नाही, हे प्रेक्षकाला ठाऊक झालेले आहे. मी पहिल्या घडीपासून शेवटच्या घडीपर्यंत चार मिनिटांचे संगीत केले, व्हायोलिनवर, करुण. दिग्दर्शिकेने ते शांतपणे ऐकून घेतले आणि मग दृश्यातला एक क्षण थांबवून मला दाखवला. शर्टाची बटणे लावताना बाईचे बोट तिसऱ्या बटणापाशी अडते, कारण ते बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेले आहे. ते कधीतरी तिनेच शिवले असणार. सगळे दृश्य त्या बोटात होते, आणि माझे संगीत त्याच्या दोन मिनिटे आधीपासूनच रडत होते. त्यामुळे तो क्षण आला तेव्हा माझ्याकडे द्यायला काही उरलेच नव्हते. शेवटी आम्ही ते सगळे काढून टाकले आणि पेटीचे झाकण मिटल्यानंतर अकरा सेकंदांचा एकच सूर ठेवला. कोणतेही दृश्य हाती आले की मी आजही आधी ते बटण शोधतो.

याच गोष्टीचे सर्वांत उंच उदाहरण सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९५५) या चित्रपटात आहे. त्याचे संगीत रविशंकर यांचे. दीर्घकाळ बाहेर राहिलेला हरिहर घरी परततो. मुलगी दुर्गा मरण पावली आहे हे त्याला माहीत नाही, आणि तिच्यासाठी आणलेली साडी तो पत्नीपुढे, सर्वजयेपुढे धरतो. सर्वजया कोसळते, तिच्या तोंडून टाहो फुटतो, पण तो आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तार-शहनाईचे, म्हणजे गजाने वाजवायच्या एका तंतुवाद्याचे, टिपेचे सूर येतात. तिथे संगीत रडण्याच्या जोडीला आलेले नाही, ते रडण्याच्या जागी आले आहे. माणसाचा आवाज ठेवून त्यावर वाद्य चढवले असते, तर एकाच दुःखाची दोनदा घोषणा झाली असती. आवाज काढून घेतल्यामुळे ते दुःख त्या बाईच्या अंगणापुरते राहत नाही. हे दृश्य शिकाऊ संगीतकाराने आवाजासह आणि आवाजाशिवाय, पुन्हा पुन्हा पाहावे.

संगीत कुठे सुरू होते आणि कुठे थांबते

संकलन पक्के झाले, म्हणजे ज्याला व्यवसायात ‘पिक्चर लॉक’ म्हणतात ती अवस्था आली, की दिग्दर्शक, संकलक आणि संगीतकार एकत्र बसून चित्रपट थांबवत थांबवत पाहतात. या बैठकीला ‘स्पॉटिंग’ म्हणतात, आणि माझ्या मते चित्रपटाच्या संगीताचे निम्मे यशापयश याच बैठकीत ठरते. प्रत्येक संगीतखंडाला, म्हणजे ‘क्यू’ला, एक क्रमांक दिला जातो: ‘२एम३’ म्हणजे दुसऱ्या रिळातला तिसरा संगीतखंड. प्रत्यक्ष रिळे मागे पडली तरी ही पद्धत टिकून आहे. वहीत प्रत्येक क्यूपुढे सुरुवातीचा टाइमकोड (चित्रपटातली नेमकी वेळ), शेवटचा टाइमकोड, कशाने सुरुवात होते, कशाने शेवट होतो, आणि हे संगीत इथे का आहे, अशा नोंदी कराव्यात. ‘का’ या रकान्यात “इथे रिकामे वाटते” याखेरीज काही लिहिता आले नाही, तर तो क्यू बिनदिक्कत खोडावा. रिकामेपणा हा पुष्कळदा दृश्याचा दोष असतो आणि संगीताने तो झाकला जात नाही, उलट अधोरेखित होतो. क्वचित तो रिकामेपणा दिग्दर्शकाने मुद्दाम ठेवलेला असतो, आणि तेव्हा तर त्याला हातही लावू नये.

सुरुवात शॉट बदलतो तिथेच करणे सर्वांत सोपे असते आणि म्हणूनच ते बहुधा ढोबळ होते. पात्राच्या मनात काही ठरते तो क्षण शोधावा: नजर वळते, हात कडीवरून मागे येतो, वाक्य अर्धवट राहते. संगीत त्या क्षणापासून निघाले, तर प्रेक्षकाला ते बाहेरून आल्यासारखे न वाटता त्या माणसाच्या आतून आल्यासारखे वाटते. संगीताचा प्रवेश मुळीच लक्षात येऊ द्यायचा नसेल, तर तो एखाद्या नैसर्गिक आवाजाच्या आड करावा. दार लागले, गाडी निघून गेली, पाण्याचा नळ सुरू झाला, की त्या आवाजाखालून पहिला सूर हळूच वर आणावा.

थांबणे याहून अवघड आहे. नवशिका संगीतकार प्रत्येक क्यूचा शेवट हळूहळू विरवत नेतो, कारण तसे करताना निर्णय घ्यावा लागत नाही. पण पात्र खोटे बोलू लागते त्याच शब्दाला संगीत बंद पडले, तर पुढची शांतता त्या खोटेपणावर बोट ठेवते. असा एक जरी थांबा चित्रपटात अचूक बसला, तरी त्याचा ठसा पाच मिनिटांच्या वाद्यमेळाहून खोल उमटतो. अल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘द बर्ड्‌स’ (१९६३) मध्ये तर रूढ अर्थाने पार्श्वसंगीतच नाही. पक्ष्यांचे इलेक्ट्रॉनिक साधनाने घडवलेले आवाज आणि शांतता यांवरच तो चित्रपट उभा आहे. आणि बर्नार्ड हर्मन यांच्यासारख्या मातब्बर संगीतकाराने त्यात ध्वनीसल्लागार म्हणून काम केले. एकही सुरावट न लिहिता चित्रपटाची सेवा करायला जो तयार असतो, त्याच्या लिहिलेल्या सुरावटींवर दिग्दर्शक अधिक विश्वास ठेवतो.

सूत्र आणि वाद्ये

संगीताचे सूत्र, म्हणजे चित्रपटभर निरनिराळ्या रूपांत परतणारा सुरांचा छोटा समूह, जितका लहान तितका कामाचा असतो. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘जॉज’ (१९७५) साठी जॉन विल्यम्स यांनी शार्कला दिलेले सूत्र मुळात अर्ध्या स्वराच्या अंतरावरच्या दोनच सुरांचे आहे. चित्रीकरणात यांत्रिक शार्क वारंवार बिघडत असे, त्यामुळे तो पडद्यावर फार कमी दिसतो, आणि तो जवळ आहे ही बातमी देण्याचे काम त्या दोन सुरांवर येते. सूर संथ असले तर तो दूर आहे, वेग वाढला तर जवळ येतो आहे. इतकी ती भाषा साधी आहे. पण विल्यम्स यांची खरी कारागिरी मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. दोन मुले शार्कच्या पाठीवर असतो तसा खोटा पर लावून लोकांना घाबरवतात त्या प्रसंगात शार्कचे सूत्र वाजत नाही. म्हणजे संगीत प्रेक्षकाला फसवत नाही, आणि प्रेक्षक नकळत त्याच्यावर विसंबू लागतो. पुढे नावेतून पाण्यात आमिष टाकले जात असताना शार्क एकाएकी डोके वर काढतो तेव्हा आधी कसलीही सूचना मिळत नाही, आणि विसंबलेला प्रेक्षक खुर्चीतून उडतो. आधी शब्द पाळून दाखवला होता, म्हणूनच तो मोडण्याला किंमत आली.

यातून घ्यायचा धडा असा की सूत्र तयार झाले की ते कशाची खूण आहे हे एका वाक्यात लिहून ठेवावे आणि तो नियम चित्रपटभर पाळावा. नायिकेचे सूत्र ही तिच्या उपस्थितीची खूण आहे, की तिच्याविषयी दुसऱ्या कोणाला वाटणाऱ्या ओढीची? दोन्हीत फार अंतर आहे. पहिल्यात ती आली की ते वाजेल; दुसऱ्यात ती नसतानाच ते सर्वांत जास्त वाजेल. सूत्राचा कस पाहण्याची एक सोपी रीत आहे. ते एकाच वाद्यावर, अगदी विलंबित लयीत, नंतर दुप्पट लयीत, नंतर फक्त खर्जात, आणि शेवटी केवळ पहिले दोन सूर, असे वाजवून पाहावे. पाचही रूपांत ओळखू आले, तर ते दोन तासांच्या चित्रपटाला पुरेल. रागसंगीताची तालीम झालेल्यांनी इथे एक सावधगिरी बाळगावी: राग आपला स्वभाव आणि स्मृती बरोबर घेऊन येतो, आणि त्याचे चलन पुरे मांडायचा मोह झाला की ऐकणारा दृश्य सोडून रागाच्या मागे जातो. रागातले तीन-चार सूर उचलावेत आणि बाकीचे पात्राकडे सोपवावे.

वाद्ये निवडताना काय घ्यायचे याच्या आधी काय घ्यायचे नाही हे ठरवावे. ‘सायको’ (१९६०) साठी हर्मन यांनी फक्त तंतुवाद्ये वापरली. ना फुंकवाद्ये, ना तालवाद्ये. काळ्यापांढऱ्या चित्राला शोभेल असा एकाच जातीचा रंग. एवढ्या संकोचामुळेच त्यांना तंतुवाद्यांतून ओरखाडे, धापा आणि किंकाळ्या काढाव्या लागल्या. ‘चायनाटाउन’ (१९७४) साठी आधी झालेले संगीत नाकारले गेल्यावर जेरी गोल्डस्मिथ यांनी सुमारे दहा दिवसांत नवे संगीत लिहिले. त्यांनी घेतलेला मेळ विलक्षण आहे: एक ट्रम्पेट, तंतुवाद्ये, चार पियानो, चार हार्प आणि तालवाद्ये. एकाकी ट्रम्पेट आणि भोवती पियानोच्या तारांचा थंड खणखणाट, एवढ्यावर त्या शहराचा सडका ऐषआराम उभा राहतो. हाताशी दहाच दिवस असताना सर्व वाद्यांचे दार उघडे ठेवले असते, तर निवड करण्यातच निम्मे दिवस गेले असते. आज संगणकात हजारो वाद्यांचे नमुने साठवलेले असतात, त्यामुळे ही शिस्त पूर्वीपेक्षा अधिक गरजेची झाली आहे. काम सुरू करण्यापूर्वी पाच-सहा ध्वनी निवडावेत, बाकीच्यांचे कप्पे बंद करावेत, आणि सातवा ध्वनी घ्यायचा झाल्यास त्याचे कारण वहीत लिहावे.

सेकंदांचा हिशेब

चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम (स्थिर चित्रे) या वेगाने चालतो, म्हणजे एक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंदांची असते. लयीचे गणित यातून सरळ निघते: एका मात्रेला जितक्या फ्रेम, त्या संख्येने १४४० ला भागले की मिनिटाला किती मात्रा हे मिळते. १२ फ्रेमची मात्रा म्हणजे मिनिटाला १२० मात्रा, २४ फ्रेमची म्हणजे ६०. जुने संगीतकार हा हिशेब कागदावर करत असत, आता संगणक तो करून देतो. तरीही तो हाताने करता आला पाहिजे, कारण त्यातूनच लय आणि चित्र यांचे नाते अंगी मुरते.

एक उदाहरण बारकाईने पाहू. संगीत सुरू झाल्यापासून बरोबर २३ व्या सेकंदाला दार उघडते आणि तिथे संगीताची सम पडायला हवी आहे. लय १२० मात्रांची आणि आवर्तन चार मात्रांचे धरले, तर एक आवर्तन दोन सेकंदांचे होते. अकरा आवर्तने २२ सेकंदांत संपतात आणि दार बाराव्या आवर्तनाच्या मधोमध, तिसऱ्या मात्रेवर उघडते. म्हणजे सम चुकली. आता दोन वाटा आहेत. लय किंचित कमी करून ४४ मात्रा २३ सेकंदांत बसवाव्यात, म्हणजे मिनिटाला सुमारे ११४.८ मात्रा, ऐकणाऱ्याला हा फरक कळणारही नाही, पण संगीताचा सगळा चालण्याचा ढंग जरा जड होईल. किंवा लय तशीच ठेवून बारावे आवर्तन दोनच मात्रांचे करावे, म्हणजे तेरावे आवर्तन बरोबर दारावर सुरू होईल. या दुसऱ्या वाटेत एक पाऊल हुकल्याची अस्वस्थता येते. दार उघडणारा माणूस अनपेक्षित असेल तर ती अस्वस्थता हवीच आहे. घरचाच माणूस असेल तर पहिली वाट बरी. गणिताचा निर्णयही शेवटी कथेलाच विचारावा लागतो, तो असा.

समेचा ठोका अगदी त्याच फ्रेमवर पडला, तर तो पुष्कळदा यांत्रिक वाटतो. दोन-तीन फ्रेम उशिरा आणला की आधी डोळ्याला दिसते आणि मग मनात उमटते, असा नैसर्गिक क्रम साधतो. आणखी एक पथ्य: प्रत्येक हालचालीला संगीताने दाद देऊ नये. पात्र जिना चढले की सूर चढले, पडले की झांज वाजली, हा प्रकार व्यंगचित्रपटांत शोभतो. तीन मिनिटांच्या क्यूत एक, फार तर दोन जागा नेमक्या गाठाव्यात आणि बाकीचे चित्र संगीताच्या अंगावरून वाहू द्यावे.

संवादाखाली कसे वाजवावे

प्रौढ माणसाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारणपणे ८५ ते २५५ हर्ट्‌झ या पट्ट्यात असतो, आणि शब्द स्पष्ट कळतात ते मुख्यतः १ ते ४ किलोहर्ट्‌झमधल्या व्यंजनांच्या तपशिलामुळे. चेलो, व्हायोला, फ्रेंच हॉर्न ही लाडकी वाद्ये नेमकी मूळ सुराच्या शेजारी राहतात, तर व्हायोलिनचे चढे सूर आणि धातूची तालवाद्ये व्यंजनांवर चढतात. म्हणून संवादाखाली लांब धरलेले, हालचाल नसलेले सूर ठेवावेत, मधला पट्टा मोकळा सोडावा, आणि ठोका असलेली वाद्ये शक्यतो टाळावीत. प्रत्येक ठोका ऐकणाऱ्याचे लक्ष शब्दावरून आपल्याकडे ओढून घेतो.

यासाठी मैफलीतल्या साथीदाराकडून शिकावे. गायक स्वर लावतो तेव्हा जाणता संवादिनीवादक मागे राहतो, आणि गायकाने श्वास घेतला की तेवढ्यापुरता पुढे येऊन जागा भरतो. नटाच्या संवादाला तशीच साथ करावी. वाक्ये कुठे संपतात, श्वास कुठे आहे, हे टाइमकोडसह टिपून घ्यावे आणि सुरावट त्या फटींतून चालवावी. संवादांत भावना ओसंडून वाहत असेल तर साथही करू नये.

दिग्दर्शकाशी बोलणे

बहुतेक दिग्दर्शकांना संगीताची परिभाषा येत नाही, आणि ती यावी अशी अपेक्षाही करू नये. “इथे थोडे निळे हवे” असे कोणी म्हणाले, तर हसू नये. निळे म्हणजे थंड की दूरचे की उदास, हे विचारावे आणि दोन-तीन पर्याय लगेच वाजवून दाखवावेत. संभाषण सुरांवर न नेता पात्रांवर ठेवले की ते फळते. ‘इंटरस्टेलर’ (२०१४) च्या वेळी क्रिस्टोफर नोलन यांनी हान्स झिमर यांना चित्रपटाचा विषय किंवा प्रकार न सांगता बाप आणि मूल यांच्या नात्याबद्दलचे एक पान दिले आणि त्यावर एका दिवसात जे सुचेल ते लिहायला सांगितले. अंतराळाचा भव्य चित्रपट त्या घरगुती बीजातून वाढला. अवकाशयानाची चित्रे आधी दाखवली असती, तर संगीतकाराने बहुधा अवकाशयानालाच संगीत दिले असते.

मतभेद झाले तर ते शब्दांनी न सोडवता ध्वनीने सोडवावेत. ‘सायको’मधला न्हाणीघरातला खून संगीताविना ठेवावा, असे हिचकॉक यांचे मत होते. हर्मन यांनी तरीही त्या दृश्यासाठी संगीत लिहिले, ऐकवले, आणि हिचकॉक यांनी आपले मत बदलले. सूचनेविरुद्ध जायचे तर इतक्या तयारीने जावे, आणि दिग्दर्शकाने ऐकूनही नकार दिला तर तो मनापासून स्वीकारावा.

‘टेम्प ट्रॅक’चा प्रश्न अधिक नाजूक आहे. संकलनाच्या काळात दृश्याखाली दुसरे कुठले तरी संगीत तात्पुरते लावलेले असते, आणि ते आठवडेच्या आठवडे ऐकून दिग्दर्शकाच्या कानाला त्याचीच सवय होते. स्टॅन्ली कुब्रिक यांनी ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) साठी अ‍ॅलेक्स नॉर्थ यांच्याकडून संगीत लिहून, ध्वनिमुद्रित करून घेतले, पण पडद्यावर गेल्या ती तात्पुरती म्हणून लावलेली अभिजात संगीताची ध्वनिमुद्रणेच, आपले संगीत वापरलेले नाही हे नॉर्थ यांना चित्रपट पाहतानाच कळले. त्या चित्रपटाची थोरवी मी मानतो, तरी संगीतकाराच्या वाट्याला आलेला तो क्षण वाचताना आजही मला वाईट वाटते. म्हणून पहिल्याच भेटीत टेम्प ट्रॅकविषयी उघड विचारावे: यातले नेमके काय आवडले आहे? वेग, वाद्याचा पोत, की केवळ अमुक जागी ते थांबते ही गोष्ट? उत्तर मिळाले की तेवढे घ्यावे आणि टेम्प ट्रॅक पुन्हा ऐकू नये. त्याची नक्कल करणे हे कलेच्या दृष्टीने दुबळे आणि कायद्याच्या दृष्टीने धोक्याचे आहे.

सराव

संवाद नसलेले एक मिनिटाचे दृश्य घ्यावे आणि त्याला तीन वेळा संगीत द्यावे. पहिल्यांदा जी भावना चेहऱ्यावर दिसते तिला, दुसऱ्यांदा जी दडवलेली आहे तिला, आणि तिसऱ्यांदा भावनेला हात न लावता केवळ जागेला, म्हणजे त्या खोलीला किंवा त्या मोकळ्या रानाला. आठवडाभर तिन्ही बाजूला ठेवावीत. नंतर संगीताशी संबंध नसलेल्या माणसाला ती दाखवावीत आणि “आवडले का” हे चुकूनही विचारू नये. “तू कोणाकडे पाहत होतास, आणि पुढे काय होईल असे तुला वाटले” हे विचारावे. एकाच चित्रासाठी तीन वेगळी उत्तरे आली, तर आपले संगीत काम करू लागले आहे. तिन्ही वेळा एकच उत्तर आले, तर ते केवळ चित्राच्या शेजारी वाजत होते. हा सराव मी स्वतः अजूनही सोडलेला नाही.

दुसरा सराव वेगाचा. दिवसाला सुमारे दोन मिनिटांचे पक्के संगीत हा व्यवसायात सर्वसाधारण वेग मानला जातो. म्हणजे चित्रपटात पन्नास मिनिटांचे संगीत असेल तर पंचवीस दिवस, आणि तेही एकही क्यू परत आला नाही तर. स्फूर्तीची वाट पाहण्याची सोय त्यात नसते. रोज ठरलेल्या वेळी बसून, जमेल तसा पण पूर्ण झालेला एक क्यू उठण्यापूर्वी हातावेगळा करायची सवय लावावी.

मिश्रणाच्या खोलीत

संगणकावर तयार केलेला कच्चा नमुना, म्हणजे ‘मॉकअप’, मंजूर झाला की प्रत्यक्ष वादकांकडून ध्वनिमुद्रण होते. स्वरलिपी स्वच्छ लिहिलेली असावी, वादकांच्या कानात क्लिक ट्रॅक, म्हणजे लय दाखवणारा ठोका, असावा, आणि वादकाने सुचवलेला बदल ऐकून घेण्याइतका वेळ हाताशी असावा. तीस वर्षे बासरी वाजवणाऱ्या माणसाला त्या ओळीत श्वास कुठे घ्यायचा हे आपल्यापेक्षा नक्कीच अधिक कळते.

त्यानंतर संगीत ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटमध्ये, ‘स्टेम्स’च्या रूपात, म्हणजे तंतुवाद्ये, फुंकवाद्ये, तालवाद्ये, एकल वाद्य असे वेगवेगळे गट करून अंतिम मिश्रणासाठी द्यावे. अनेक संगीतकार इथे आपले काम संपले असे समजतात. शक्य असेल तर मिश्रणाला स्वतः हजर राहावे आणि मागच्या रांगेत शांत बसावे. तिथे संवाद, पावले, पाऊस आणि संगीत पहिल्यांदाच एकत्र येतात, आणि ज्या क्यूवर सर्वाधिक रात्री खर्च केल्या तोच खाली न्यायला सांगितले जाते. अशा वेळी संगीताची पातळी सरसकट उतरवू देण्यापेक्षा एक एक स्टेम बंद करून पाहण्याची विनंती करावी. पाऊस आणि तालवाद्ये एकाच जागेसाठी भांडत असतात. तालवाद्यांचा स्टेम काढला की पाऊसच ताल धरतो, तंतुवाद्ये होती त्याच पातळीवर राहतात, आणि नटाचे शेवटचे वाक्य अक्षर न् अक्षर कळते.